शेऱ्याचा रकाना

जानेवारी, एप्रिल, ऑक्टोबर.
करारात तीनच धुण्या आहेत.
जून ते सप्टेंबरसमोर मी आडवी रेघ ओढते,
तेवढे चार महिने आभाळ बघून घेतं.

मरोळ. शुभ्रा चेंबर्स. चौदा मजले, चार बाजू.
पश्चिम सकाळी धुवायची, पूर्व दुपारनंतर,
म्हणजे उन्हाच्या पाठीपाठीने दोर फिरवायचा.
तापल्या काचेवर साबण पुसायच्या आत वाळतो
आणि त्याचे नकाशे उमटतात,
मग भाडेकरूंचे फोन.

उत्तरेला मेट्रोच्या कामाची धूळ, ती दोन हात मागते.
दक्षिणेला अकराव्यावर आग्यामोहोळ.
काढा म्हणतात. मी मार्चपर्यंत मुदत मागून घेतलीय,
कुणासाठी, ते विचारू नका.
सहाव्याला ऑडिट आहे, त्या आठवड्यात
खिडकीत कुणी लोंबकळलेलं नको.
बाराव्यावर पाहुणे यायचेत,
त्यांच्याआधी काच लख्ख हवी,
पण ती लख्ख करणारा दिसायला नको.
बरं.

हे सगळं मी जुळवते बेसमेंट दोनमध्ये,
जनरेटरच्या भिंतीला टेबल लावून.
तिथे खिडकी नाही.
बाहेर ऊन आहे का, हे मला तोरस्कर सांगतात,
गच्चीवरून, फोनवर, वाऱ्याच्या आकड्यासकट.

सतरा ऑक्टोबरला तोरस्करांचा आकडा होता चार.
चार म्हणजे दोरीवरचा रुमालही हलत नाही.
संध्याकाळी तक्ता आला :
पश्चिम बाजू पूर्ण.
फक्त ९-२२ राहिली.

तफज्जुलला खाली बोलावलं.
माल्द्याचा पोरगा, कमरेला अजून हार्नेस,
बोटं पाण्यानं सुरकुतलेली, आजीच्या हातासारखी.
का राहिली?
तो आधी गप्प.
मग त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला,
आत एक माणूस होता मॅडम,
खोक्यात सामान भरत होता.
कप. चार्जर. एक छोटं झाड, ते त्याने
दोनदा ठेवलं, दोनदा काढलं.
बाजूचे सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते.
मी साबण लावायला हात वर केला,
त्याला वाटलं मी हात केला.
त्याने पण केला.

मग?

मग त्याच्या तोंडावर फेस कसा मारणार?
दोर सोडला, आठव्यावर आलो.

आमच्या फॉर्मात काम राहण्याची चार कारणं आहेत.
वारा. पक्षी. भाडेकरूची हरकत. उपकरणात बिघाड.
पाचवं लिहायला जागा नाही,
शेऱ्याचा रकाना आहे, पण त्यात वीसच अक्षरं मावतात.
मी मोजून बघितली.

वारा, असं निवडलं.

तोरस्करांनी सहीसाठी चष्मा लावला,
कागद बघितला, मग मला.
आज वारा?
नवव्यावर होता, म्हटलं.
त्यांनी सही केली. पेनाचं टोपण
लावायला मात्र बराच वेळ घेतला.

सुटल्यावर रस्ता ओलांडून रिक्षा स्टँडपाशी गेले,
आणि सात वर्षांत पहिल्यांदा
आपली बिल्डिंग मान वर करून पाहिली.
मावळतीचं ऊन सबंध काचांवर,
डोळे फुटतील असं.
उतरणारं एक विमान काचाकाचांतून तुटत गेलं.
एकच चौकोन मळका, नवव्यावर,
तेवढ्याकडेच बघता येत होतं.

आता जानेवारीचा तक्ता करतेय.
दुसरा आठवडा, पश्चिम बाजू, सकाळी सातपासून.
तफज्जुल गावी आहे, बहिणीचं लग्न,
त्याच्या जागी कोण, ते ठरायचंय.
भाडेकरूंना आठ दिवस आधी नोटीस जाते :
पडदे ओढून घ्यावेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व.
सगळ्या मजल्यांची पाकिटं तयार आहेत.
नववा रिकामा झाला डिसेंबरात.
त्या पाकिटावर नाव काय घालायचं,
तेवढं राहिलंय.